दावी अकोर्फाचा झाडू

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी त्रेचाळीस मेलेली माणसं पुसून टाकली.

माणसं आधीच मेलेली होती, हीच काय ती माझ्या बाजूनं सांगण्यासारखी गोष्ट. पुसल्या गेल्या त्या त्यांच्या निधनवार्ता. होहोए गावाच्या टेकडीवर आमचं रेडिओ केंद्र आहे. गेलेल्या माणसाचे नातेवाईक तिथे येतात, माइकसमोर बसतात आणि कोण गेलं, मागे कोण कोण राहिलं, दफन कोणत्या शनिवारी, हे आपल्या आवाजात सांगून जातात. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी आम्ही ते ऐकवतो. रेडिओवर नाव आलं नाही तर लोक म्हणतात, अजून तारीख ठरलेली दिसत नाही, आणि दफनाचे काळे-तांबडे कपडे पुन्हा पेटीत ठेवून देतात.

हे सगळे आवाज मागच्या खोलीतल्या एका यंत्रात असतात. त्या यंत्राला चित्रं नाहीत, बाण नाहीत. काळा पडदा, त्यावर शब्द लिहायचा, एंटर दाबायचं, की काम होतं. फोल्डर रिकामा करायचा असेल तर त्याच्यासाठी एक आज्ञा होती, आमच्यातच घडवलेली. तिचं नाव झाडू. काटछाट करून उरलेले तुकडे ‘कच्चं’ नावाच्या फोल्डरमध्ये साठत आणि रोज सकाळी मी तिथे झाडू मारत असे. कुठे झाडायचं ते झाडूला सांगता येई. नाही सांगितलं, तर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे असाल तोच तो धरून चाले. आदल्या संध्याकाळी एका मयताच्या जावयाचं नाव तपासायला मी ‘निधन’मध्ये शिरलो होतो आणि तिथून बाहेर यायचं विसरलो होतो. सकाळी एका हातात अंडं घातलेला पाव, दुसऱ्या हातानं झाडू, एंटर.

यंत्र काहीच बोललं नाही. काम नीट झालं की ते गप्प असतं, बिघडलं तरच बोलतं. माझ्या गावी, क्पेवेला, आमचे हेडमास्तर असेच होते. त्यामुळे मी निवांत पाव संपवला.

साडेसहाला दावी अकोर्फा आल्या. दावी म्हणजे ताई. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात, पदरात भाजलेले शेंगदाणे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“सेनानू, ‘निधन’मध्ये किती आहेत म्हणालास काल?”

“त्रेचाळीस, दावी.”

“आता एकही नाही.”

मी म्हणालो, “उठून गेले असतील.” भीती वाटली की माझ्या तोंडून विनोद बाहेर पडतो, त्यापायी मी शाळेतही मार खाल्लेला आहे. दावींनी मारलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि मी काय लिहिलं होतं ते वर सरकवून वाचलं. तो एकच शब्द होता.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण तेवढ्यात केंद्रप्रमुख एफो विनफ्रेड दारात आले. एफो म्हणजे दादा, पण हे दादा चर्चच्या वडील मंडळातले, त्यामुळे प्रत्येक वाक्य व्यासपीठावरून येतं.

“चूक कोणाची ते नंतर. संध्याकाळी काय ऐकवायचं? ढोल?”

झाडू दावींनीच लिहिलेला होता, म्हणून त्या चूक माझी म्हणाल्या, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, बाई मनानं मोठी आहे. मनानं त्या मोठ्या आहेतच, पण हा त्याचा भाग नव्हता.

पुसलेलं परत काढायची साधनं असतात. दावींनी ती चालवली, पण तोवर सकाळच्या बातम्यांचं ध्वनिमुद्रण त्याच जागेवर चढलं होतं. गाण्यांच्या आणि बातम्यांच्या प्रती ठेवल्या जात. निधनवार्तांच्या नाही, कारण त्यांचं आयुष्य चार शुक्रवारांचं असं सगळे धरून चालले होते. हाती लागले ते तुकडे: कुणाचं अर्धं नाव, कुणाच्या मागे आरवणारा कोंबडा. आणि तीन सेकंदांचं एक खाकरणं.

ते खाकरणं गॉटलीब आंकू मास्तरांचं होतं.

आंकू मास्तर निवृत्त झाल्यावरही टाय लावून बाजारात जात. फेब्रुवारीत ते स्वतः केंद्रावर आले आणि आपली निधनवार्ता आपणच सांगून गेले. “माझे पुतणे नावांचा क्रम चुकवतील,” ते म्हणाले, “आणि व्याकरणाचं तर बोलायलाच नको.” ध्वनिमुद्रण मीच केलं होतं. “मी, गॉटलीब आंकू, आता नाही,” अशी त्यांची सुरुवात होती. तारखेची जागा मोकळी सोडून त्यांनी मला बजावलं होतं, “ती तुम्ही भरा, माझ्या हातात नाही.” मे महिन्यात ते गेले. बाकीच्या बेचाळीस जणांचे नातेवाईक हयात होते, पुन्हा बोलू शकत होते. मास्तर पुन्हा बोलणार नव्हते.

त्या दिवशी दावींनी स्वागताच्या खिडकीतली वही आणवली आणि बेचाळीस घरांना फोन लावले. मी नंबर लावायचा, त्या बोलायच्या. यंत्रात गोंधळ झाला, माझ्याकडून झाला, असं म्हणायच्या. ‘आमच्याकडून’सुद्धा नाही. मग फोनवरूनच नवं ध्वनिमुद्रण. एका म्हातारीनं सगळी नावं सांगितली आणि थांबली. दावींनी विचारलं, “आणखी कोणी, मामा?” आमच्याकडे मामा म्हणजे आजी. म्हातारी म्हणाली नाही. दावींनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हातारी म्हणाली, “बरं, घाल तिलाही,” आणि मयताच्या दुसऱ्या बायकोचं नाव सांगितलं.

ही सवय खिडकीतली होती. दावींनी खिडकीत चौदा वर्षं काढली. लोक यायचे, रडत सांगायचे, त्या लिहून घ्यायच्या. रडणारा माणूस हमखास कुणाला तरी विसरतो आणि तो विसरलेला माणूस हमखास दफनाला येतो, हे त्यांना तिथे कळलं. यंत्र आलं तेव्हा ते दुरुस्त करायला कुमासीहून एकजण येई. तो पटापटा लिहायचा आणि कुणाला काही सांगायचा नाही. दावी त्याच्यासाठी पाणी घेऊन जायच्या आणि पाणी हातात धरून मागे उभ्या राहायच्या. त्याची बोटं कुठल्या अक्षरावर पडतात ते बघायच्या आणि बाहेर येऊन वहीत लिहायच्या. तो माणूस दीड वर्षात बराच तहानलेला राहिला असणार. पुढे तो यायचा थांबला आणि यंत्र बंद पडलं, तेव्हा सगळे कुमासीला फोन लावत बसले आणि खिडकीतल्या बाईनं आत जाऊन ते चालू केलं. त्यानंतर अकरा वर्षं त्या मागच्या खोलीत होत्या. मी बोर्डाचं संगणकाचं प्रमाणपत्र घेऊन आलो. आमच्या शाळेत एकच संगणक होता, हेडमास्तरांच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली. आणि प्रमाणपत्र मला त्याच्यावर मिळालं होतं. तेव्हा खरं शिक्षण कुणाकडे झालं हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी सात वाजता बेचाळीस वार्ता गेल्या. एफो विनफ्रेड मागच्या खोलीत येऊन उभे राहिले.

“अकोर्फा, आक्राहून ते कंपनीवाले दोनदा येऊन गेलेत. सगळं तिकडूनच सांभाळतात म्हणे.”

“ठाऊक आहे मला.”

“जुलैअखेर. हे परत होणार नाही असं मला तोवर दाखव. नाहीतर यंत्र त्यांच्याकडे आणि तू खिडकीत. वाईट वाटून घेऊ नकोस, खिडकीत तुझ्यासारखं कोणी नव्हतंच.”

दावी म्हणाल्या, “योऽ.” आमच्याकडे योऽ म्हणजे बरं. बरं वाटलं असा त्याचा अर्थ होत नाही.

मी नंतर म्हणालो, “दावी, चूक मी केली. तुम्ही खिडकीत का जायचं?”

“तू काय चूक केलीस?”

“चुकीच्या जागी उभा होतो.”

“माणूस कुठे ना कुठे उभा असणारच. तू काही सांगितलं नाहीस, आणि माझ्या झाडूनं तू न बोलल्याचा अर्थ ‘हो’ असा लावला. सांगून केलेली चूक तुझी. न सांगता जे होतं ते लिहिणाऱ्याचं.” त्यांनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले. “मी झाडू लिहिला तेव्हा वापरणारी मी एकटी होते. मी कुठे उभी आहे ते मला नेहमी माहीत असायचं. तू येशील हे मी धरलंच नाही.”

“म्हणजे मी मूर्ख आहे हे धरायला हवं होतं.”

“मूर्ख नाही. उपाशी. सकाळी सहाला आलेला माणूस उपाशी असतो, एवढं धरलं तरी पुष्कळ झालं.”

पहिली गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशीच बदलली. नुसतं झाडू लिहिलं की आता पडद्यावर येई: कुठे झाडायचं ते सांगा, तुम्ही उभे आहात ती जागा मी धरून चालणार नाही. मला वाटलं, संपलं. दावींना तसं वाटलं नाही. जागेचं नावही माणूस चुकीचं लिहू शकतो. म्हणून जागा सांगितल्यावर झाडू विचारू लागला: नक्की का? हो म्हटलं तरच पुसणार.

तीन दिवस मी तो प्रश्न वाचला. चौथ्या दिवसापासून माझं बोट स्वतःहून हो म्हणू लागलं. चर्चमध्ये आमेन म्हणतो तसं. कशाला म्हटलं ते घरी गेल्यावर सांगता येत नाही. आठवडाभरानं दावी मागे येऊन उभ्या राहिल्या, हातात पाण्याचा पेला.

“मी पाणी मागितलं नव्हतं, दावी.”

“आत्ता काय विचारलं त्यानं?”

“नक्की का, असं.”

“त्याच्या आधी?”

मला सांगता येईना. त्याच्या आधी ‘कच्चं’च्या जागी मी ‘गाणी’ लिहिलं होतं. हो दाबलं नव्हतं अजून, पण बोट हवेत होतं. दावींनी माझं मनगट धरलं आणि पाणी स्वतः प्यायल्या.

“रोज विचारलेला प्रश्न हा प्रश्नच राहत नाही,” त्या म्हणाल्या, आणि तो काढून टाकला.

मग तिसरा झाडू. हा काहीच पुसत नसे. जागा सांगितली की तो नुसतं वाचून दाखवी: इतक्या फाइली, ही ही नावं, या पुसल्या गेल्या असत्या. खरोखर पुसायच्या असतील तर पुढे एक वेगळा शब्द लिहावा लागे. दावी खूश होत्या. “आता काही न कळणाऱ्या माणसाच्या हातातही दे,” त्या म्हणाल्या. “फार तर काय होईल? काहीच होणार नाही.”

आणि तसंच झालं. मी झाडू चालवी, तो यादी दाखवी, यादी लांबलचक आणि व्यवस्थित असे, ती बघून काम झाल्यासारखं वाटे, आणि मी चहाला जाई. पुढचा शब्द लिहायची मला भीतीही वाटू लागली होती. एकदा हात पोळलाय, असं मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे आळस होता, पण भीती हा शब्द जास्त शोभतो. कच्चं साठत गेलं. जूनच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी सहाला, यंत्रात दिवसाची यादी लिहायलाही जागा उरली नाही, आणि आमचं केंद्र अकरा मिनिटं गप्प झालं.

आमच्या देशात रेडिओ गप्प झाला की म्हातारी माणसं पायात चपला घालतात. क्पेवेहून माझ्या काकांचा फोन आला, “सेनानू, खरं सांग, लष्कर आलं का?” मी म्हणालो, “नाही काका, कच्चं आलं.” खाली दफनाला निघालेल्या नऊ गावांच्या बस, आपल्या माणसाचं नाव ऐकल्याशिवाय हलायचं की नाही म्हणून उभ्या होत्या.

एफो विनफ्रेड त्या दिवशी ओरडले नाहीत. नुसते म्हणाले, “सुरक्षित. इतकं सुरक्षित की आवाजच नाही.” आणि आक्रावाल्यांना फोन करून त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख घेतली. दावी दाराच्या आत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी म्हणालो, “दावी, मी पुढचा शब्द लिहिला नाही. माझं नाव सांगा त्यांना.”

“काही न करणं म्हणजे सुरक्षित, असं मीच धरलं,” त्या म्हणाल्या. “काही न करणं हेसुद्धा करणंच असतं. मागच्या वेळेला त्यानं जास्त केलं, या वेळेला कमी. दोन्ही वेळा तू काही बोलला नव्हतास.” मग म्हणाल्या, “उद्या चल माझ्याबरोबर. आंकू मास्तरांच्या घरी.”

बेचाळीस घरांना फोन झाले होते. त्रेचाळिसावं घर त्यांनी मागे ठेवलं होतं. फोनवर सांगायची गोष्ट नाही, असं त्या म्हणत होत्या आणि तीन आठवडे गेले होते. त्या घाबरत नाहीत असं मला वाटायचं. तर तसं नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही गेलो. मास्तरांची मुलगी एडिनाम, स्वतःही शिक्षिका, आणि तिची आत्या अंगणात बसल्या होत्या. आधी पाणी आलं. पाणी पिऊन झाल्यावर आत्यानं विचारलं, कशासाठी आलात. दावींनी सांगितलं. झाडूपासून सांगितलं, काही वगळलं नाही.

एडिनामनं आत्याकडे पाहिलं. आत्या बोलली.

“म्हणजे माझ्या भावानं मरायच्या आधी सगळी तयारी केली, आणि तुम्ही ती केराबरोबर टाकलीत.”

“हो,” दावी म्हणाल्या.

“आणि हा कोण?”

“ज्याच्या हातात मी झाडू दिला तो.”

“चेहऱ्यावरून वाटतोच.”

दावींनी फोन काढला आणि एडिनामच्या हातात दिला. “एवढंच राहिलंय.” तीन सेकंदांचं खाकरणं. एडिनामनं ते एकदा ऐकलं आणि ती खुर्चीत सरळ बसली, दोन्ही गुडघे जुळवून, शाळेतल्या मुलीसारखी. मग हसू आलं तिला, आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसले.

“वर्गात शिरायच्या आधी असंच करायचे,” ती म्हणाली. “बाकावर उभी असलेली मुलं खाली बसेपर्यंत वेळ मिळावा म्हणून.”

तिनं फोन परत दिला. मग दावींनी विचारलं, दफन कधी.

“वीस जुलै होतं,” आत्या म्हणाली. “आता नाही. हॅम्बर्गवाल्या भावाचे कागद अडकलेत. ऑगस्ट होईल.”

“मग तोवर?”

“तोवर काय? शवागाराच्या फ्रिजमध्ये आहे ना तो. थांबेल. जिवंतपणी कधी थांबला नाही, आता थांबेल.” आत्यानं हात झटकले. “त्याचा थोरला पुतण्या म्हणत होता, उरकून टाकू. तो म्हणेल. एकट्याच्या सांगण्यावरून आमच्यात कुणाला पुरतात का? चार माणसं बसतील, कुणी राहिलंय का विचारतील, मग. एकदा माती पडली की हॅम्बर्गवाल्याला काय दाखवायचं?”

मी मान डोलवली, कारण यात नवीन काहीच नव्हतं. माझे आजोबाही सात आठवडे फ्रिजमध्ये होते. पण दावींचा हात पदरातल्या शेंगदाण्यांत गेला होता तो तिथेच राहिला.

परत येताना मोटारसायकलवर आम्ही तिघं, पुढे चालवणारा, मध्ये मी, मागे दावी. उतारावर त्यांनी माझ्या पाठीवर बुक्की मारली.

“सेनानू, आपण फाइल मेली की लगेच का पुरतो?”

“अं?”

“माणसाला सात आठवडे देतो. फाइलला एक एंटरसुद्धा देत नाही.”

चालवणारा वळून म्हणाला, “कोण गेलं, दावी?”

“अजून कुणी नाही. तू पुढे बघ.”

खिडकीतलं जुनं यंत्र कोठारात पडलं होतं, त्याचं एक अक्षर दाबलं की अडकून बसे, पण डिस्क धड होती. दावींनी ते धुळीतून उठवून तार जोडली आणि त्याला नाव दिलं फ्रिज. नवा झाडू विचारत नसे आणि नुसता वाचूनही दाखवत नसे. जागा सांगितली की काम करून मोकळा होई, जागा खरोखर रिकामी होई. पण त्यातलं सगळं फ्रिजमध्ये जाई. तिथे चाळीस दिवस. नंतरही आपोआप काही पुसायचं नाही. दोघांनी समोर बसायचं, दोघांनी आपापला परवलीचा शब्द लिहायचा, तेव्हा माती. आणि काहीही परत हवं असेल तर एक शब्द: उठव.

मी वाद घातला. “दावी, काहीच न विचारता तो काम करतो म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच झालं.”

“काम करू दे की. काम करायलाच ठेवलाय. मी एवढंच बघतेय की न सांगता जे होईल ते परत फिरवता आलं पाहिजे. जे फिरवता येत नाही त्याच्यासाठी माणसानं तोंड उघडावं, आणि ते एकट्यानं नाही.”

“आणि फ्रिज भरला तर?”

“तर तो आठवडाभर आधी ओरडेल. यंत्र गप्प बसलं म्हणजे सगळं नीट आहे, हेही आता धरायचं नाही.”

जुलैच्या एकोणतीस तारखेला एफो विनफ्रेड परीक्षा घ्यायला आले. यंत्रासमोर बसले, बाह्या वर केल्या.

“मी गाढव आहे असं समजा.”

मी म्हणालो, “प्रयत्न करतो, एफो.”

त्यांनी आधी नुसतं झाडू लिहिलं. कुठे झाडायचं ते सांगा, असं आलं. मग माझ्याकडे बघत त्यांनी लिहिलं, झाडू बातम्या. एंटर. पडद्यावर आलं: बातम्यांमधल्या सहाशे बारा फाइली फ्रिजमध्ये नेल्या. काही पुरलेलं नाही. परत हव्या असतील तर उठव.

त्यांचा चेहरा पडला. बातम्या वाचायला त्यांचा स्वतःचा आवाज असतो. “माझ्या बातम्या? खरंच नेल्या?”

“खरंच नेल्या,” दावी म्हणाल्या. “लिहा उठव.”

त्यांनी लिहिलं. सहाशे बारा परत आल्या. वडील मंडळातला माणूस. उठव हा शब्द त्यांना इतका आवडला की त्यांनी झाडू आणि उठव आणखी तीनदा करून पाहिलं. मग पुरायचा प्रयत्न केला. आपला शब्द लिहिला. यंत्रानं म्हटलं, दुसरा माणूस कुठे आहे? चाळीस दिवस झालेली एकही फाइल नव्हती, तरी त्यानं विचारलंच.

“मी केंद्रप्रमुख आहे,” ते यंत्राला म्हणाले.

“ते त्याला ठाऊक आहे,” दावी म्हणाल्या. “एकटेच आहात, हेही ठाऊक आहे.”

एफो विनफ्रेडनी बाह्या खाली केल्या. मग उठले आणि दारातून म्हणाले, “आक्रावाल्यांना वेबसाइट देतो. त्यांना काहीतरी दिलं पाहिजे, दोनदा आलेत.” पाच मिनिटांनी परत डोकावले. “खिडकीत बसायला कोणीतरी बघ, अकोर्फा. तू नाही म्हणालीस म्हणून विचारतोय.” दावी काही म्हणाल्याच नव्हत्या. पण या वेळी न बोलल्याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला.

मास्तरांची वार्ता ऑगस्टमध्ये गेली. आधी तीन सेकंद खाकरणं, मग एडिनामचा आवाज: “गॉटलीब आंकू आता नाहीत.” नावांचा क्रम मास्तरांना हवा तसाच लागला असेल की नाही, सांगता येत नाही. तो त्यांनी मला ऐकवला होता आणि मी कानाला हेडफोन लावून नुसती आवाजाची पातळी बघत होतो. मला क्रम आठवला असता तर दावींना तो विषय माझ्यासमोर टाळावा लागला नसता. त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. एकच सांगतो, आता ध्वनिमुद्रण करताना मी ऐकतो.

सप्टेंबरपासून दर शनिवारी दुपारी आम्ही दोघं यादी घेऊन बसतो. दावी नाव वाचतात आणि थांबतात. मी म्हणतो, पुरा. कधी त्या म्हणतात, राहू दे, आणि मी कारण विचारत नाही. पाचशे फाइलींना दीड तास लागतो. पहिल्यांदा मला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटला होता. आता त्या दीड तासात कधी कधी असा तुकडा निघतो, की ज्याच्यासाठी कुणीतरी महिनाभरानं टेकडी चढून आलं असतं.

ऑक्टोबरात माझ्या बहिणीच्या बाळाचं नाव ठेवायचं होतं, क्पेवेला, आणि तेही शनिवारी. दोन माणसं तर हवीत. दावींनी एफो विनफ्रेडना विचारलं. ते आले, कोट काढून माझ्या खुर्चीत बसले आणि प्रत्येक नाव व्यासपीठावरून वाचावं तसं मोठ्यानं वाचलं. दावी म्हणतात, चार तास लागले आणि तीन फाइली पुरल्या. बाकीच्या प्रत्येक फाइलीवर त्यांना दया आली.

त्यांचा तो शनिवार माझ्याकडे उधार आहे. बदल्यात मी त्यांच्या चर्चमध्ये माइक सांभाळायला एक शनिवार बसायचं, असं ठरलं होतं. सोमवारी जिन्यात भेटले की ते बोट उचलतात, एकच, आणि मी म्हणतो, “योऽ, एफो.” जानेवारी संपत आला, माझं बसणं अजून बाकीच आहे.